माझा डबल बेस अँपमधून डब्यासारखा का वाजतो?

पत्र ठाण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ३६ वर्षांच्या. दिवसा बँक, रात्री डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात मोठं, खालच्या सुरांचं वाद्य. लहानपणी व्हायोलिन शिकल्या, ९ वर्षांपूर्वी बेसकडे वळल्या आणि एका हौशी स्ट्रिंग ऑर्केस्ट्रात वाजवू लागल्या. गेल्या वर्षापासून पियानो आणि ड्रमबरोबर त्यांचं जाझ त्रिकूट जमलं आहे. महिन्यातले दोन शुक्रवार वांद्र्याच्या एका ६० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्ये वाजवतात. बेस थ्री-क्वार्टर मापाचा, प्लायचा, तारा स्टीलच्या. ऑनलाइन मागवलेला चिकटवायचा पिझो पिकअप (बेसची थरथर विजेत बदलणारा तुकडा) त्यांनी ब्रिजच्या, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी घोडीच्या, खाली, बेसच्या पोटावर लावला आहे आणि तो मित्राच्या बेस गिटारच्या अँपला जोडतात.

त्या लिहितात : ‘घरी माझा बेस खोलीभर घुमतो. तिथे तोच बेस पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. बेसचं बटण वाढवलं की जी तारेवरच्या ए सुराला घूंऽऽ सुरू होतं. एकदा तिथल्या साउंडवाल्याने वायर थेट मिक्सरला लावली, तर बेस आहे की नाही हेच कळेना. आमचा ड्रमर म्हणतो, हे कपाट वाहणं सोड, बेस गिटार घे. ऑर्केस्ट्रातले ज्येष्ठ म्हणतात, डबल बेसला वायर लावली तिथेच तो मेला. माझ्याकडे ६० हजार रुपये साठले आहेत. कुणी पिकअप घे म्हणतं, कुणी माइक, कुणी नवा अँप. मला फक्त माझ्या बेसचाच आवाज हवा आहे, थोडा मोठा. कोणता पिकअप घेऊ? आणि जॅक बसवायला बेसला भोक पाडावं लागेल का?’

नमस्कार,

‘माझ्या बेसचाच आवाज, थोडा मोठा’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बेसवाल्यांकडून ते इतक्यांदा ऐकलंय की आता ते मागणं सोपं आहे असं मला वाटेनासं झालंय. मी स्वतः १५ वर्षं बेस वाजवला, नंतर मिक्सरच्या मागे गेलो, आणि दोन्हीकडे हेच वाक्य भेटलं. म्हणून पिकअपचं नाव सांगण्याआधी विचारतो : तुमच्या बेसचा आवाज म्हणजे नेमका कुठला आवाज?

तुम्ही घरी ऐकता तो? तुमचा कान फिंगरबोर्डपासून, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीपासून, वीतभर अंतरावर असतो आणि बेसची कड कमरेला टेकलेली असते. खालचे सूर तुम्ही कानाने जेवढे ऐकता तेवढेच हाडांनी ऐकता. वर ठाण्याच्या फ्लॅटमधल्या उघड्या भिंती. तानपुरा छेडणाऱ्याला जवारीची जी झळाळी ऐकू येते ती दहाव्या रांगेतल्या माणसाला तशीच कधीच ऐकू येत नाही, तसंच हे. तुमचा कमरेने ऐकलेला आवाज कुठल्याही वायरीतून जाणार नाही. तो तुमचाच राहणार. लोकांना त्याच बेसचा दुसरा आवाज ऐकू येतो, आणि तो कसा आहे हे बहुतेक बेसवाल्यांना ठाऊकच नसतं. पुढच्या तालमीला एखाद्या बेस वाजवणाऱ्या मित्राला बोलवा, तुमचा बेस त्याच्या हातात द्या, पियानो-ड्रम चालू ठेवा आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहा. अँप बंद. एक रुपयाही न खर्चता कळेल की नक्की काय कमी पडतंय.

बहुधा कळेल ते असं, की घुमारा कमी पडत नाहीये, सुराची ओळख कमी पडतेय.

हे जरा उलगडून सांगतो, कारण तुमच्या बटणाच्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. हवेत त्याची एक लाट ८ मीटरहून लांब होते. बेस कितीही अवाढव्य दिसला तरी एवढी लाट नीट ढकलायला त्याचं पोट लहानच पडतं. त्यामुळे ई तारेतून ४१ चा सूर फारच अशक्त निघतो. जोरात निघतात ते त्याच्या वरचे, ८२ चे, १२३ चे, आणि त्यावरून आपला कान खालचा सूर मनातल्या मनात भरून काढतो. म्हणजे ज्याला आपण डबल बेसचा खोल आवाज म्हणतो त्यातला बराच भाग श्रोता स्वतः रचत असतो. अँपवरचं बेसचं बटण वाढवून तुम्ही नेमकं ते वाढवता जे मुळात तुमच्या बेसमध्ये नव्हतंच. सूर ओळखू यायला लागणारा मधला पट्टा, साधारण १०० ते ८०० कंपनांचा, त्या गडगडाटाखाली दबतो. मग ऐकू येत नाही म्हणून तुम्ही अजून वाढवता, आणि घूंऽऽ.

ज्येष्ठांचं मत आत्ताच बाजूला काढून ठेवतो, म्हणजे ते पुढे आडवं येणार नाही. डबल बेसला वायर लावण्याची खोड नवी नाही. रॉकवाल्यांच्या स्टेजवर दिसणारं ‘अँपेग’ हे नाव माहीत असेल. ते आलं अमेरिकेतल्या एव्हरेट हल नावाच्या डबल बेस वाजवणाऱ्याकडून. १९४६ च्या सुमारास त्याने बेसच्या खालच्या खुंटीवर, म्हणजे एंडपिनवर, आतल्या बाजूने माइक बसवला आणि त्याला ‘अँप्लिफाइड पेग’ म्हटलं. त्याचं पुढे अँपेग झालं. फेंडरचा प्रिसिजन बेस बाजारात आला १९५१ मध्ये. म्हणजे बेस गिटारचा जमाना सुरू होण्याआधीच डबल बेसवाला आपला आवाज पोचत नाही म्हणून वैतागला होता. तुमचे ज्येष्ठ ऑर्केस्ट्रात सहा-आठ बेसच्या रांगेत, लाकडी तक्तपोशीवर, ड्रमसेटशिवाय वाजवतात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. वांद्र्यात एसीची घरघर, काट्या-चमच्यांचा आवाज आणि राइड सिंबल यांच्यासमोर एकटा बेस उभा असतो.

पण त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्टही आहे. १९७० च्या दशकात पिकअप आणि अँप सर्रास आले, तेव्हा बेसवाल्यांनी तारा फिंगरबोर्डच्या अगदी जवळ आणल्या, कारण जोर काढायला आता अँप होता. बोटं पळायला लागली आणि आवाज रबरासारखा झाला. त्या काळच्या कितीतरी रेकॉर्डवर हा रबरी आवाज ऐकू येतो. १९८० नंतर तरुण मंडळींनी उलट दिशा धरली, काहींनी तर अँप बंद करून आतड्याच्या तारा चढवल्या. अर्थ एवढाच, की वायरीत जे जातं ते आधी बेसमधून निघावं लागतं. तुमच्या तारा किती उंचीवर आहेत ते पत्रात नाही. फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार ६-७ मिलिमीटर आणि ई तार ९-१० मिलिमीटर वर असेल तर स्टीलच्या तारांवर जाझसाठी ठीक. त्याच्या बऱ्याच खाली असेल तर पिकअपच्या आधी तिथे हात घाला.

आता डब्यातले खडे. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही आज रात्री तपासता येतात.

पहिलं, पिकअपची जागा. पिझो म्हणजे दाबला-हलवला की वीज देणारा तुकडा. त्याला आवाज ऐकू येत नाही. तो ज्या लाकडाला चिकटला आहे तेवढ्याच जागेची थरथर त्याला कळते. तुम्ही तो पोटावर लावला आहे. पोट म्हणजे बेसचा पडदा, तबल्याची पुडीच म्हणा. त्यावर बोट ठेवाल तिथे वेगळा आवाज, आणि समोरून अँपचा आवाज आला की सगळ्यात आधी तेच हलतं. घोंघावण्याला यापेक्षा चांगलं आमंत्रण नाही. तो तिथून काढा. काढताना सावकाश, वॉर्निशचा पापुद्रा निघता कामा नये. मग ब्रिजवर लावा, ई तारेच्या बाजूच्या पंखावर किंवा कमरेवर. ब्रिजचं मेपल उघडंच असतं, त्यावर वॉर्निशची चिंता नाही. फोमची दुहेरी टेप वापरू नका, ती थरथर पिऊन टाकते. पोस्टर चिकटवायची पुट्टी असते त्याची पातळ चकती पुरते. दोन-तीन जागा बदलून बघा. अर्ध्या इंचाने फरक पडतो.

दुसरं कारण विजेचं आहे, आणि साउंडवाल्याने मिक्सरला लावल्यावर तुमचा बेस गायब का झाला त्याचं उत्तरही यातच आहे. पिझो फार थोडा विद्युतभार देतो. तो भार ज्या इनपुटमध्ये जातो तिथला अवरोध कमी असेल तर तो वाटेतच गळून जातो. वरचे सूर झटपट हेलकावतात, ते गळायच्या आत पलीकडे पोचतात. खालचे सूर सावकाश हेलकावतात, त्यांचा भार मधल्या मध्ये संपतो. पिझोला निदान १० लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम, अवरोधाचा इनपुट लागतो, काहींना १० मेगओहम. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० हजार ओहमचा असतो आणि माइकचा त्याहूनही कमी. म्हणजे तुमचा बेस तारेपासून मिक्सरपर्यंत जाता जाता गाळून निघाला, नुसता टकटकाट उरला. साउंडवाल्याची चूक म्हणवत नाही. त्याच्याकडे रोज बेस गिटार येतात, त्या अशाच लावल्या तरी चालतात. बेस गिटारच्या अँपवरही कधीकधी दोन इनपुट असतात आणि त्यातला ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणून लिहिलेला पिझोसाठी चुकीचा निघू शकतो. दुसऱ्यात लावून बघा. आणि कुणा अकूस्टिक गिटारवाल्या मित्राचा प्रीअँप, म्हणजे पिकअप आणि अँपच्या मध्ये लावायची छोटी डबी, एका संध्याकाळपुरता उसना आणा. तेही पिझोसाठीच बनवलेले असतात.

एवढं करून खडे निम्मे कमी झाले तर तुमचे ६० हजार कुठे जायला हवेत हे आपोआप ठरेल.

घूंऽऽचं वेगळं. तुमचा तो ए सुमारे ११० कंपनांचा. बेसच्या पोटाची स्वतःची एक लाडकी थरथर बऱ्याचदा याच परिसरात असते, त्यामुळे तक्रार तुमच्या एकट्या बेसची नाही. पुढच्या वेळी घोंघावलं की चारही तारांवर हात ठेवा. थांबलं तर अँपचा आवाज तारांना हलवतोय. न थांबता चालू राहिलं तर पोटालाच हलवतोय. दोन्हीत पहिला उपाय एकच : अँप हलवा. मला खात्री आहे की तो तुमच्या पाठीमागे जमिनीवर, बेसच्या पाठीकडे तोंड करून ठेवलेला असतो, कारण सगळ्यांचा तिथेच असतो. त्याला खुर्चीवर ठेवा, तुमच्या बाजूला, जरा पुढे. जमिनीवरून उचलल्याबरोबर लाकडी स्टेजचं हुंकारणं कमी होतं आणि तुम्हाला तो कानाशी ऐकू येतो, म्हणजे वाढवायचा मोह कमी. मग प्रीअँपवरचं फेज, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटवणारं बटण. ते दाबून एकदा, न दाबता एकदा असं ऐका. जिकडे घोंघावणं उशिरा सुरू होतं ती बाजू तुमची. याचा नियम नाही. खोली बदलली, अँप सरकला, की उत्तर बदलतं.

आणि हाय-पास फिल्टर. डबल बेसवाल्यांच्या जगात इतकी उपयोगी आणि इतकी दुर्लक्षित चीज दुसरी नाही. ठरवलेल्या सुराच्या खालचं सगळं तो कापतो. ४१ च्या खाली तुमचा एकही सूर नाही. आहे ती पायांची धपधप, एंडपिनमधून येणारी स्टेजची थरथर, पिकअपवर घासलेली वायर. हे ऐकू येत नाही, पण अँपचा निम्मा दम त्यातच जातो. सुरुवात ४० पासून करा आणि वाजवत वाजवत वर चढवा. वांद्र्याच्या त्या लहान खोलीत ८० पर्यंत, प्रसंगी त्याच्याही वर गेलात तरी समोरच्याला बेस कमी झाला असं वाटणार नाही, उलट पुढे आल्यासारखा वाटेल. का, ते वर सांगितलंय : खालचं कान भरून काढतो. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं ते गोव्यातल्या एका हॉटेलच्या लॉनवर, भाड्याच्या भयानक सिस्टिमवर, नाइलाज म्हणून. बेस कापतोय म्हणून जीव थोडा थोडा होत होता. मध्यंतरात पियानोवाला येऊन म्हणाला, आज पहिल्यांदा तुझे सूर कळतायत.

आता तुमचा मूळ प्रश्न. पिकअप चांगले-वाईट असण्यापेक्षा ते कुठे बसतात यावर त्यांचा स्वभाव ठरतो.

ब्रिजच्या पंखांच्या खाचेत बसणारे : जुना अंडरवुड, के अँड के कंपनीचा बेस मॅक्स वगैरे. बोटाचा स्पर्श स्पष्ट, सूर उजळ, बसवायला सोपे. अंडरवुड प्रीअँपशिवाय कर्कश होतो, बेस मॅक्स त्या मानाने समजूतदार. खाचेत तो नीट दाबून बसावा लागतो. सैल बसला तर आवाज पातळ येतो आणि लोक पिकअपला शिव्या देतात.

ब्रिजच्या पायाखाली बसणारा : न्यूयॉर्कच्या डेव्हिड गेज यांच्या कार्यशाळेतून आलेला रिअलिस्ट. हा ई तारेच्या बाजूच्या पायाखाली जातो, जिथे आतून बेसबार नावाची लाकडी पट्टी असते. आवाज गडद, लाकडी, घरच्यासारखा. तुम्ही एखाद्या दुकानात दोन्ही शेजारी ऐकलेत तर याच्याच प्रेमात पडाल, म्हणून सावध करतो. एकट्याने वाजवताना जी ऊब सुंदर वाटते तिचाच ड्रमसमोर चिखल होतो, आणि घोंघावण्याकडे याचा ओढा जास्त. शांत गायिकेबरोबर डुएट वाजवणाऱ्याला मी हाच सुचवीन.

ब्रिजच्या पायातल्या अ‍ॅडजस्टरच्या चाकात (ज्याने ब्रिजची उंची कमीजास्त होते) बसणारा : फिशमनचा फुल सर्कल. मधला पट्टा स्वच्छ, चारही तारा समतोल, आणि बराच मोठा केला तरी घोंघावत नाही. तुमच्या वर्णनातलं रेस्टॉरंट, ड्रमसेट, प्लायचा बेस हे सगळं धरून मी तुमच्या जागी असतो तर हाच घेतला असता. अट अशी की ब्रिजला अ‍ॅडजस्टर हवेत आणि आट्यांचं माप जुळायला हवं. तो वेगवेगळ्या आट्यांत मिळतो, मागवण्याआधी मोजून घ्या. तुमच्या ब्रिजला अ‍ॅडजस्टर नसतील तर ते बसवून घेणं मुंबईत तसंही शहाणपणाचं आहे. जूनमध्ये लाकूड फुगतं, पोट वर येतं, तारा चढतात. थंडीत उलट. चाक फिरवून उंची सावरता येते. प्लायचा बेस भरीव लाकडाच्या बेसइतका नखरेल नसतो, पण अगदी निर्विकारही नसतो.

प्लायच्या बेसबद्दल कुणी नाक मुरडलं असेल तर मनावर घेऊ नका. अँपसमोर प्लाय कमी घोंघावतो.

हे काम स्वतः करू नका. ब्रिजचे पाय पोटाच्या गोलाईवर तंतोतंत बसवायला जवारी काढणाऱ्याचा हात आणि डोळा लागतो. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामधली लाकडी दांडी, पडू शकतो. तो नुसता दाबाने उभा असतो, चिकटवलेला नसतो. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथले बेसवाले आपले बेस कुणाकडे देतात हे विचारणं हा मला माहीत असलेला सगळ्यात सरळ रस्ता.

माइकबद्दल. तो हवा ऐकतो, म्हणून त्याचा आवाज खरा वाटतो. डीपीए ४०९९ सारखा ब्रिजच्या मागच्या तारांना क्लिपने अडकवायचा छोटा माइक फारच सुरेख आहे, पण किंमत पिकअपच्या दुप्पट-तिप्पट, आणि तो ड्रमही ऐकतो. तुमच्या खोलीत ड्रमसेट बेसपासून पाच-सहा फुटांवर असणार. माइक उघडला की सिंबल तुमच्या चॅनेलमधून दुप्पट होऊन बाहेर येईल. अनुभवी लोक दोन्ही मिसळतात, खालचा भाग पिकअपचा, वरची लाकडाची सळसळ माइकची. तिथेही फेज बघावी लागते : दोन्ही उघडून मोकळी ए तार छेडा, फेज उलटवा, ज्या बाजूला आवाज भरीव तीच ठेवा. हे सगळं तुम्ही दोन वर्षांनी करा. ऑर्केस्ट्रातला कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र फक्त माइक, पिकअपला हातही लावू नका.

पैशांचा हिशेब मी असा मांडीन. पहिला खर्च ब्रिज, अ‍ॅडजस्टर आणि तारांची उंची. दुसरा पिकअप : परदेशातल्या दुकानांत यातले बरेच दीडशे ते अडीचशे डॉलरांच्या घरात असतात, वाहतूक आणि आयात शुल्क धरून वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. तिसरा प्रीअँप. त्याचं नाव सांगत नाही, बटणं सांगतो : एक मेगओहम किंवा जास्तीचा इनपुट, फिरवता येणारा हाय-पास, फेज उलटवण्याचं बटण, आणि मिक्सरसाठी बॅलन्स्ड आउटपुट. एखादा सूर नेमका कापणारा नॉच असेल तर सोन्याहून पिवळं, तो तुमच्या ए साठी. मग साउंडवाला कोणीही असो, तुमचा आवाज तुमच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीतून तयार होऊन त्याच्याकडे जाईल.

आणि अँप? अजून नको. मित्राचाच वापरा. त्यावरचे ‘पंच’, ‘डीप’ असले सगळे बेत बंद करा, सगळी बटणं मध्यावर. १५ इंची स्पीकर पाहिजे हा समज बेस गिटारकडून आला आहे. तुमच्या खोलीसाठी चांगला ८ किंवा १० इंची पुरतो, आणि तुम्हाला तो बेसबरोबर ठाणे ते वांद्रे वाहायचा आहे हेही विसरू नका. पुढेमागे घ्याल तेव्हा जितका निर्गुण तितका चांगला. ज्याला स्वतःचा आवाज नाही असा. आणि वॅट भरपूर असू द्यात, मोठा लावण्यासाठी नाही, खालचा सूर आला की धाप लागू नये म्हणून.

आता ड्रमर. त्याचा सल्ला मला रागाचा वाटला नाही, दमल्याचा वाटला. त्यालाही तुमचे सूर ऐकू येत नसणार, आणि बेस ऐकू आला नाही की ड्रमर जोरात वाजवतो, ड्रमर जोरात वाजवू लागला की बेस ऐकू येत नाही. त्याला एक तालीम सबंध ब्रशवर, अँप बंद ठेवून वाजवायला सांगा. तुमच्या पियानोवाल्यालाही सांगा की डाव्या हाताने खालच्या दोन सप्तकांत फिरू नकोस, तिथे आधीच एक माणूस राहतो. जागा बदला : तुम्ही हाय-हॅटच्या बाजूला, ड्रमरच्या कानाशी, पियानोवाल्याला तुमची बोटं दिसतील अशा. शाळेत असताना मी रंगभवनात जाझ यात्रा ऐकायला जायचो (१९७८ मध्ये सुरू झाली होती ती), उघड्या आभाळाखाली, जिथे बेसला टेकायला एकही भिंत नाही. तिथे मला आवडलेल्या बेसवाल्यांचा आवाज मोठा होता असं आठवत नाही. त्यांच्याभोवती बाकीचे जागा सोडून वाजवत होते हे आठवतं.

बेस गिटार घेणं हे मात्र पाप नाही, ज्येष्ठ काहीही म्हणोत. उद्या तुम्हाला लग्नाच्या हॉलमध्ये की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि दोन गायकांमागे वाजवायचं आमंत्रण आलं तर डबल बेस घरी ठेवा. तिथे तो ना ऐकू येईल, ना सुखरूप परत येईल. पण शुक्रवारच्या त्रिकुटासाठी बेस गिटार हा उपाय होत नाही. ते दुसरं वाद्य आहे, आणि तुम्ही ९ वर्षं त्यासाठी घालवलेली नाहीत.

गजाने वाजवता की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. ऑर्केस्ट्रातल्या आहात, म्हणजे मोह होणारच. पिझोमधून गज करवतीसारखा ऐकू येतो. त्या एका गाण्यापुरतं ट्रेबल निम्म्यावर आणा, आवाज खाली घ्या. किंवा गाणं ड्रमशिवाय सुरू करा आणि अँप बंदच ठेवा. ६० खुर्च्यांच्या खोलीत गजाचा बेस मागच्या टेबलापर्यंत जातो.

भोक पाडू नका. बेसला कुठेही नाही. या बहुतेक पिकअपांचा जॅक टेलपीसला (तारांची खालची टोकं अडकतात ती पट्टी) किंवा ब्रिजच्या मागच्या तारांना क्लँपने अडकवता येतो; तिथे तो खडखडू नये म्हणून मध्ये कापडाची किंवा फेल्टची एक घडी ठेवा. वायर जॅकमध्ये घालण्याआधी टेलपीसखालून एक सैल वेढा द्या. वेटर मागून ट्रे घेऊन जातो आणि त्याचा पाय वायरीत अडकतोच. तेव्हा हिसका टेलपीसला बसेल, पिकअपच्या केसाएवढ्या तारेला बसणार नाही.